दारातला

त्या दिवशी तो स्टुडिओत एका वाक्यासाठी आला होता. “साहेब घरी नाहीत, उद्या या.” दरवानाचं काम. फिरत्या नाटक कंपनीत गडी-नोकरांच्या विनोदी भूमिका करून करून त्याची जीभ अशी तयार झाली होती, की तेवढ्याशा वाक्यातही त्याने दोनदा हशा वसूल केला असता. येताना बसमध्ये तो ते वाक्य नाना तऱ्हांनी पुटपुटत होता. शेजारच्या बाईंनी हळूच आपली पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

स्टुडिओत पोचला, तर सगळे डोक्याला हात लावून बसलेले. भुताच्या कामासाठी आणलेला पैलवान पळून गेला होता. पळून म्हणजे खरोखर पळून. मुखवटा करायचा, तर आधी माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यावा लागतो. मान मागे टेकून बसायचं, डोळे मिटायचे, कानांत कापूस, नाकपुड्यांत श्वासापुरत्या दोन नळ्या, आणि वरून ओलं प्लास्टर थापत जायचं. ते आधी गार लागतं, मग जड होतं आणि सुकता सुकता तापायला लागतं. आत काळोख, ऐकू काही येत नाही, तोंड उघडता येत नाही. पैलवानाला आखाड्यात कोणी चीत केलं नव्हतं म्हणे. पण प्लास्टर तापू लागल्यावर तो खुर्चीसकट उठला, एक दिवा आडवा केला आणि तशाच पांढऱ्या तोंडाने फाटकाबाहेर गेला. त्याचे कपडे अजून खुंटीवर होते.

“साहेब, ताकदीचा माणूस नको,” कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेला रंगभूषाकार म्हणाला. त्याला सगळे मेकअपदादा म्हणत. “बसणारा माणूस द्या.”

दिग्दर्शकांची नजर दारापाशी वाक्य घोटत उभ्या असलेल्या लांबड्या माणसावर गेली.

“तू रे. बसशील का गप्प?”

“किती वेळ, साहेब?”

“सुकेपर्यंत.”

तो बसला. कंपनीच्या एका नाटकात त्याला अख्खा अंक पेटीत दडून काढावा लागे, शेवटच्या एका शिंकेसाठी. त्यामुळे कोंडून घेण्याची त्याला सवय होती. प्लास्टरखाली तो आपलं दरवानाचं वाक्य मनातल्या मनात म्हणत राहिला. दादाने साचा सोडवला तेव्हा आतून मंद घोरण्याचा आवाज आला.

“साहेब, हा झोपलाय,” दादा म्हणाला.

दिग्दर्शक त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. उंची बघितली, लांब हात बघितले. मग म्हणाले, “दरवान दुसरा बघा. हा दारात उभा राहील, पण बोलणार नाही.”

एका सिनेमापुरतं आहे, असं त्याला वाटलं.

सिनेमातलं ते भूत काहीच करायचं नाही. कोणाचा गळा धरायचं नाही, हसायचं नाही, हवेत उडायचं नाही. कोणी दार उघडलं की पलीकडे ते उभं असायचं, एवढंच. कपाटाचं दार, न्हाणीघराचं दार, दवाखान्याचं दार. पहिल्या सिनेमात त्याला नावसुद्धा नव्हतं. प्रेक्षकांनीच ठेवलं, दारातला. लोकांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, मग दुसरा निघाला, मग निघतच राहिले. घरोघरी माणसं न्हाणीघराचं दार उघडण्याआधी खाकरायला लागली.

मुखवटा त्याच्याच चेहऱ्यावरून ओतलेला होता. दादाने गालफडं खोल केली, डोळ्यांखाली सावली भरली आणि ओठ मिटवून टाकले. बाकी नाक त्याचं, कपाळ त्याचं, हनुवटी त्याची. मुखवटा उतरवून तो घरी निघाला की भूतच अंघोळ करून, भांग पाडून चाललंय असं लोकांना वाटे. पानवाला त्याला सुटे परत देताना नाणी फळकुटावर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. लिफ्टमध्ये तो शिरला की आधीची माणसं एकेक कारण काढून बाहेर पडायची. तो बापडा “थांबा, थांबा, मी जिन्याने जातो,” म्हणायचा. त्याचा आवाज खणखणीत आणि गोड होता, पण बोलणारं भूत तर लोकांना अधिकच सोसेना.

एकदा सुट्टी काढून तो जुन्या कंपनीत गेला. “एक प्रयोग करू दे,” म्हणाला. मालकाने आनंदाने त्याला नोकराचं काम दिलं. चहाचा ट्रे घेऊन तो रंगमंचावर आला आणि सगळं सभागृह चिडीचूप झालं. त्याने पहिला विनोद टाकला, दुसरा टाकला. मागच्या रांगेत एक पोर रडायला लागलं. पडदा पडल्यावर मालकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझा काही दोष नाही रे.” एवढं प्रेमाने म्हणाला, की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

पण खरं कोंडणं स्टुडिओतलं होतं. दिग्दर्शकांचा एक दंडक होता. नायिकेने भुताला कॅमेऱ्यासमोरच पहिल्यांदा बघायचं. त्याआधी नाही, मधे नाही, नंतरही शक्यतो नाही. “भूत जेवताना दिसलं की सिनेमा संपला,” ते म्हणायचे. दार उघडायच्या प्रसंगात त्यांच्या सिनेमात कोणी कधी घाबरण्याचा अभिनय केला नाही. मुली खरोखर घाबरायच्या, आणि लोक तिकिटं काढायचे ती त्या एका क्षणासाठी. त्यामुळे तो सगळ्यांच्या आधी मागच्या दाराने यायचा आणि मेकअपच्या खोलीत बसून राहायचा. डबा तिथेच. मुखवटा चढवला असेल तर डबाही नाही, मिटलेल्या ओठांच्या फटीतून नळीने चहा. भिंतीपलीकडे युनिट जेवायला बसायचं. ताटांचे आवाज, खो खो हसणं. कोणीतरी विनोद सांगायचा आणि शेवटी घाई करून तो वाया घालवायचा. इकडे आरशासमोर बसलेलं भूत हळहळायचं.

इतक्या नायिका झाल्या, एकीशीही त्याची ओळख झाली नाही. त्यातली एक त्याला खूप वर्षांनी एका लग्नात भेटली. तोवर त्याला चष्मा लागला होता, केस पिकले होते. शेजारच्या खुर्चीवर बसून ती छान हसत गप्पा मारत होती, आपल्या गुडघेदुखीबद्दल, सुनेबद्दल. कोणीतरी येऊन म्हणालं, “अहो, ओळखलं नाहीत का? हे तुमचे दारातले.” ती हसली, “हो का?” म्हणाली, आणि मग पर्स चाचपत उठली. जेवताना ती दुसऱ्या टोकाला बसली होती. मधूनमधून त्याच्याकडे पाहत होती, आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती हे त्याला इतक्या लांबून कळत होतं.

त्याची बायकोही त्या खोलीतच मिळाली. ती कपडेपटात शिवणकाम करायची. भुताचा लांब अंगरखा दरवेळी अंगावरच शिवून बंद करावा लागे, म्हणून आत यायची मुभा असलेली ती एकटी बाई. पाठीवर टाके घालता घालता ती बोलत राहायची, घरमालक, बहिणीचा नवरा, सुईचं भोक, काहीही. मुखवट्यातून त्याला उत्तर देता यायचं नाही. लग्नाचं विचारलं तेव्हा तो चेहरा धुऊन, नवा शर्ट घालून आला होता. पुढे लोक तिला विचारायचे, “हो कशी म्हणालीस गं?” ती म्हणायची, “एवढं गप्प ऐकून घेणारा पुरुष परत कुठे मिळाला असता? लग्नानंतर कळलं, तोंड उघडलं की बंद होत नाही.”

मग मुलगी झाली.

तो मुलीला जवळ घ्यायला घाबरायचा. नाक्यावर त्याचंच पोस्टर होतं, दोन मजले उंच. आज ना उद्या पोरीची नजर तिकडे जाणार, आणि मग ती आपल्याकडे बघणार. त्याने या गोष्टीची अशी हाय खाल्ली की तिला फिरायला नेताना तो पोस्टर चुकवून लांबच्या गल्लीतून जायचा. शेवटी बायको म्हणाली, “अहो, किती दिवस गल्ल्या बदलणार? दाखवून टाकू.”

आणि तिने पोरीला सरळ मेकअपच्या खोलीत आणलं. दादाच्या टेबलावर बसवलं. पोरीने सगळं बघितलं. बाबाचा गाल कसा झाकला गेला, कपाळ कसं गेलं, डिंक कुठे लावला. दादाने तिच्या हातात पावडरीचा पफ दिला, तिने तो भुताच्या नाकावर आपटला. पण ओठ मिटले, आतला बाबा बोलायचा थांबला, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तो बोलू शकत नव्हता. हसलेलं दिसलं नसतं. लांब हातमोजे चढले होते. त्याने डाव्या हाताचा अंगठा दोनदा वाकवला, मान डोलवल्यासारखा. पोर टक लावून अंगठ्याकडे बघत राहिली, आणि मग दादाला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, “बाबा आत आहे.”

तेव्हापासून त्यांचं ते ठरून गेलं. ती विचारायची, “बाबा, आत आहेस?” अंगठा डोलायचा. मग ती झाडावर चढावं तशी त्याच्या अंगावर चढायची. तो तिला खारूताई म्हणायचा, मोठी झाल्यावर नुसतं खारू. तिच्या मैत्रिणी घरी यायच्या नाहीत. ती खिडकीतून त्यांना ओरडून सांगायची, “अगं, तो नुसता माझा बाबा आहे.” आयुष्याने त्याला दिलं ते एवढंच, असं तो दादाजवळ बोलून दाखवायचा. बायको काय, दादा काय, त्यांनी आधी माणूस पाहिला आणि मग भूत. रस्त्यावरच्या लोकांनी आधी भूत पाहिलं. खारूने मात्र दोघांना एका बैठकीत पाहिलं होतं, आणि अंगठा डोलल्यापासून त्याला क्षणभरही न घाबरलेलं जगात ते एकच माणूस होतं.

खारू मोठी झाली आणि नटी झाली. कामं बारीकसारीक मिळायची, नायिकेची मैत्रीण, नायकाची बहीण. एक दिवस दिग्दर्शकांनी तिला बोलावलं. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण दंडक तोच होता. नवा ‘दारातला’, आणि त्यात नायिका खारू. लहानपणी ती मेकअपच्या खोलीत येत असे, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“नको जाऊस त्या सिनेमात,” तो म्हणाला.

“का?”

“त्या खोलीत शिरलं की बाहेर पडता येत नाही.”

“तू शिरलास त्या खोलीत, बाबा. मी तर कॅमेऱ्यासमोर असणार.” आणि मग जरा थांबून, “मला इतकी वर्षं सबंध चेहरा दिसेल असं काम कोणी दिलेलं नाही. निम्म्या वेळा माझे खांदेच दिसतात.”

त्याला स्वतःला तरी दुसरं काय हवं होतं?

चित्रीकरण सुरू झालं. खारू चांगली होती. तिचं रडणं, चिडणं, एकटीने घरात वावरणं बघून दिग्दर्शक खूश होते. दाराचा प्रसंग त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कॅमेरा फक्त तिच्यावर. तिने दार उघडायचं, तो पलीकडे उभा.

तिने दार उघडलं. डोळे विस्फारले, किंचाळली, मागे पडली.

“कट,” दिग्दर्शक म्हणाले. “छान ओरडलीस. पण घाबरली नाहीस.”

पुन्हा केलं. पुन्हा. दुपारचं जेवण झालं, पुन्हा केलं. तिचा घसा बसला. एकदा तर दार उघडताच तिला हसू फुटलं आणि सगळं युनिट हसलं, दिग्दर्शक सोडून. संध्याकाळी ते मेकअपच्या खोलीत आले. अशी त्यांची पद्धत नव्हती.

“उद्या सकाळी एकदा घेऊ,” ते म्हणाले. “बापाला सांगायला मला बरं वाटत नाही. पण हा प्रसंग नसेल तर माझा सिनेमाच नाही. दुसरी मुलगी बघून ठेवली आहे.”

त्यांनी सांगायची गरज नव्हती. कपडेपटात बायकोला दुपारीच निरोप आला होता, खारूचा पोशाख कमरेत थोडा सैल करून ठेवा.

घरी खारू टेबलावर डोकं टेकून बसली होती. तो समोर बसला. ती डोकं न उचलता म्हणाली, “बाबा, मला घाबरव ना.”

“कसं घाबरवू?”

“मला काय माहीत. भूत तू आहेस ना?” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “सगळ्या जगाची बोबडी वळवलीस. एक माझीच वळवायची आहे.”

“काय केलं की तू घाबरशील, सांग. मी करतो.”

“तेच तर. काहीही केलंस तरी तूच असणार.”

सकाळी तो खुर्चीत बसला. दादा गालावर डिंक लावत होता. आता दादाचा हातही थरथरायचा, पण डिंक लावताना नाही.

“काल मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो,” दादा म्हणाला. “तू तिला सांगतोस.”

“काय सांगतो?”

“आत आहे म्हणून.”

त्याला काही कळेना. “मी हललोसुद्धा नाही. विचार कोणालाही.”

“तू नाही हललास. हा हलला.” दादाने डिंकाचा ब्रश त्याच्या डाव्या अंगठ्याकडे रोखला. “दरवेळी. तिने दार उघडलं की दोनदा. कॅमेरा तिच्याकडे, म्हणून कोणाला दिसलं नाही. तिलाही कळत नाही ती कुठे बघते ते.”

“छे. काहीतरीच बोलतोस.”

दादाने ब्रश ठेवला, घसा साफ केला आणि बारीक आवाज काढून म्हणाला, “बाबा, आत आहेस?”

अंगठा दोनदा डोलला. दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. मग दोघेही इतके हसले, की गालावरचा डिंक सुटला. हसू ओसरल्यावर दादाने सुटलेला डिंक पुसून काढला.

“साहेबांना सांगितलंस?”

“त्यांना सांगून काय? म्हणाले असते, अंगठा काढून टाका.” दादा पुन्हा डिंक लावायला लागला. “थांबवता येतो का बघ.”

त्याने प्रयत्न केला. या माणसाने पापणी न हलवता आयुष्य काढलं होतं. श्वास असा घ्यायचा की अंगरख्याची घडी हलत नसे. पण दादाने पुन्हा विचारलं आणि अंगठा पुन्हा डोलला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने मूठ आवळून धरली, तर मुठीतल्या मुठीत डोलला.

त्याने बायकोला बोलावून घेतलं. ती सुईदोरा घेऊन, अंगरखा शिवायचा समजून आली.

“हा हातमोजा शिव,” तो म्हणाला. “अंगठा तळव्याला जोडून टाक. जाड दोऱ्याने.”

बायकोने मोजा हातात घेतला. मग त्याच्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादा उगाचच पावडरीचा डबा पुसायला लागला. तिला कोणी काही सांगावं लागण्याआधीच सगळं समजलं.

“तिला विचारलंत?”

“विचारलं तर उपयोग काय? तिला माहीत नसेल तरच होईल.”

“आणि झाल्यावर?”

“झाल्यावर टाके उसवशील.”

“मोज्याचे उसवीन हो,” बायको म्हणाली. “तिचं काय करायचं?”

त्याला बोलायचं होतं. लग्नातली ती नटी त्याला आठवत होती, मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेली. पण दादाने ओठ लावायला घेतले होते. दिग्दर्शकांचा सहायक बाहेरून दार वाजवत होता. बायकोने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि शिवायला सुरुवात केली. तिचा टाका नेहमीच दुहेरी असायचा.

दाराच्या पलीकडे तो आपल्या जागी उभा राहिला. लाकडी चौकट, मागे रंगवलेली भिंत. इकडे दिव्यांचा चटका. पलीकडे खारूच्या चपलांचा आवाज आला, थांबला. कडी वाजली. दार उघडलं.

तिने डोळे विस्फारले, कालच्यासारखेच. तोंड उघडायला लागली. आणि तिची नजर खाली गेली, त्याच्या डाव्या हाताकडे. आज ते त्याला स्वच्छ दिसलं. ती नजर तिथे थांबली, वाट बघत. वर आली, त्याच्या डोळ्यांत बघून गेली. पुन्हा खाली.

मोज्याच्या आत अंगठा डोलला. दोरा ताणला गेला. बाहेर काहीच हललं नाही.

“बाबा?” ती म्हणाली. हे संवादात नव्हतं.

त्याने अंगठा ओढला. दोरा कातडीत रुतला. पाऊल उचललं असतं, मान हलवली असती, तरी पुरलं असतं, आणि तिचं काम गेलं असतं. ती इतक्या जवळ उभी होती, की तिच्या कपाळावर फुटत असलेला घाम त्याला दिसत होता. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं. नायिकांच्या, बसमधल्या बायकांच्या, शेजारच्या पोरांच्या चेहऱ्यांवर त्याने ते इतक्यांदा पाहिलं होतं की येण्याआधी ओळखता यायचं. ती ओरडली नाही. तोंड उघडं राहिलं, आवाजच निघेना. एक हात मागे भिंत शोधत गेला. भिंत सापडली नाही, तशी ती जमिनीवर बसली आणि बसल्या बसल्या टाचांनी स्वतःला मागे रेटत राहिली.

दिग्दर्शक कट म्हणत नव्हते. ते अजून, अजून घेत होते. तो मुखवट्याच्या आत तिचं नाव घेत होता, मिटलेल्या रबरी ओठांवर त्याचे ओठ आपटत होते, आणि दारात एक लांबडं भूत पापणीही न हलवता उभं होतं.

“कट.”

टाळ्या पडल्या. तो दारातून पुढे झाला, तशी खारू धडपडत उठली आणि कॅमेऱ्यामागे गेली. बायकोने तिला कवेत घेतलं. त्याला तिच्यापर्यंत जाता येईना, कारण तो आताही तोच दिसत होता. स्पिरिट लावून मुखवटा सोडवायला दादाला नेहमीएवढाच वेळ लागला, आणि चेहरा धुऊन तो बाहेर आला तेव्हा मायलेकी घरी गेल्या होत्या.

घरी ती हसत होती. “बाबा, साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोशाख सैल करू नका म्हणून आईला स्वतः येऊन सांगून गेले.” ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती.

“अंगठ्याचं…” तो म्हणाला.

“आईने सांगितलं. माझ्यासाठीच केलंस तू, मला कळत नाही का?” तिने टेबलावरून हात पुढे केला, त्याच्या हातावर ठेवला. हात गरम होता, नेहमीचा होता. त्याला वाटलं, सुटलो.

तो पाणी आणायला आत गेला. गडवा घेऊन परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर थांबला, दोघींना बघत. खारूने मान वर केली. तिच्या हातातला ग्लास पडला.

“सॉरी, बाबा,” ती लगेच म्हणाली. “मला माहीत आहे तू आहेस.”

काच गोळा करताना ती आईला हळू आवाजात सांगत होती आणि त्याला ऐकू येत होतं. “माहीत असतं गं. पण आधी दचकते आणि मग माहीत होतं.”

सिनेमा जोरात चालला. खारूला कामं मिळायला लागली, चांगली, सबंध चेहऱ्याची. पुढचा ‘दारातला’ मात्र तिने केला नाही, आणि त्यानेही केला नाही. दिग्दर्शकांना त्याची काही अडचण झाली नाही. साचा त्यांच्याकडेच होता. आता त्याचं नाक, त्याचं कपाळ लावून दुसराच कोणी तरुण दारात उभा राहतो, आणि लिफ्टमधली माणसं अजून यालाच बघून बाहेर पडतात.

खारूने कामाच्या सोयीसाठी वेगळं घर घेतलं. सुट्टी मिळाली की ती येते, न चुकता, खाऊ घेऊन, आईसाठी काहीबाही घेऊन. फक्त खालच्या मजल्यावरून एकदा हाक मारते, “बाबा, बोल ना.”

मग तो बोलायला लागतो. आता तो दारात जात नाही. दार बायको उघडून ठेवते आणि तो समोरच्या खुर्चीत बसतो, जिन्यावरून दिसेल असा. घरातही या खोलीतून त्या खोलीत जाताना तो आधी काहीतरी बोलतो आणि मग जातो. बायको म्हणते, “स्वतःच्या घरात दवंडी पिटत फिरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.” पण खारू यायची असली की सकाळपासून ती स्वतःच त्याला विषय सुचवून ठेवते.

“नळ परत गळतोय,” तो मोठ्याने म्हणतो. “नळवाला म्हणाला, उद्या येतो. त्याचा उद्या कधी उजाडतो देवाला माहीत. वरच्यांच्या कुत्र्याने माझी चप्पल नेली, एकच नेली, आता मी दुसरीचं काय करू? तुझ्या आईचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. ती म्हणते, मी ठेवला. मी कशाला ठेवू? मला तर तिने चष्मा लावलेलाच आवडतो, माझे गुण नीट दिसतात…”

जिन्यावरून हसण्याचा आवाज येतो, पावलं वर चढत राहतात. परवा असंच बोलता बोलता त्याला ठसका लागला. तो पाण्यासाठी थांबला. बायको गडवा घ्यायला उठली. जिन्यावरची पावलं थांबली होती.

त्याने पाणी न पिताच बायकोला हाताने थांबवलं.

“आणि दूध नासलंय,” तो बसलेल्या आवाजात म्हणाला. “म्हणून चहा कोरा मिळेल. चालेल ना, खारू? कोरा चालेल ना?”

“चालेल,” खालून आवाज आला, आणि एक पाऊल वाजलं.

“साखर मात्र आहे,” तो म्हणाला. “साखर तुझ्या आईने लपवून ठेवली आहे, पण मला माहीत आहे कुठे ते. वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे, आणि तिला वाटतं मला दिसत नाही…”